बिनतारी जोडणीचे पत्रक : एक चिकित्सा

विज्ञानाच्या पुस्तकांची परीक्षणे होतात. पाठ्यपुस्तकांवर तर दरवर्षी टीका होते, आणि ती व्हावी. पण राउटरच्या खोक्यातून निघणाऱ्या घडीच्या कागदाचे परीक्षण कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. घरात नवा संगणक आला आणि तो बिनतारी जोडायचा ठरला, म्हणजे घरातील माणसे जो तांत्रिक मजकूर सर्वप्रथम वाचतात तो हाच. पुष्कळ घरांत तो शेवटचाही ठरतो. अशा मजकुराला विज्ञानलेखनाचे निकष लावून पाहावेत, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

या लेखासाठी आम्ही अमळनेरमधील परिचित शिक्षकांच्या घरांतून अशी काही पत्रके मागवून घेतली. ती वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. नावे देण्याचे कारण नाही, कारण सगळी पत्रके एकमेकांची भावंडे शोभावीत इतकी सारखी आहेत. अमळनेरचे नाव निघाले की साने गुरुजी आणि विप्रो या दोन गोष्टी येतातच. १९४५ साली येथे वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ पुढे १९८० च्या सुमारास संगणकाकडे वळली, हा इतिहास गावातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतो. त्याच गावात संगणक जोडताना हातात पडणारा कागद मात्र इंग्रजीत असतो, फार तर जोडीला चार ओळी हिंदी.

आधी पत्रकांचे श्रेय त्यांना देऊ. कोणती तार कोणत्या छिद्रात जाते, हे ती चित्रांनी आणि रंगांनी उत्तम दाखवतात. फायबर जिथून आत येते ते खोके आणि राउटर यांत गल्लत होऊ नये, ही काळजी बहुतेकांनी घेतली आहे. वाक्ये आखूड आहेत. आज्ञार्थी क्रियापदाने सुरुवात, एका पायरीत एकच कृती, हे शिस्तीचे लेखन आहे. आमच्या प्रयोगवह्यांतील ‘कृती’ या मथळ्याखालचा मजकूर इतका स्वच्छ क्वचितच असतो. दोष आहे तो कृतीच्या पलीकडे. प्रयोगवहीत कृतीनंतर निरीक्षण आणि अनुमान येते. येथे कृती संपली की कागद संपतो.

आता पत्रकातले घर पाहा. जवळजवळ प्रत्येक पत्रकात एका घराचा उभा छेद असतो: उतरते छप्पर, पातळ रेषांच्या भिंती, मधोमध राउटर आणि त्यातून निघणारी अर्धवर्तुळे. ती अर्धवर्तुळे भिंतींतून अशी निघून जातात की जणू भिंत नाहीच. हे घर खानदेशातले नाही. अमळनेरच्या जुन्या वस्तीत आणि आसपासच्या गावांत अजून धाब्याची घरे आहेत. लाकडी कड्या टाकून वर मातीचा जाड थर दिलेली, दीड-दोन फूट रुंदीच्या भिंतींची. उन्हाळ्यात ती थंड राहतात ती या जाडीमुळेच. पण ज्या मातीने ऊन अडते तीच माती या लहरीही शोषते, आणि पावसाळ्यात तिने ओल धरली की अधिकच शोषते. मे महिन्यात माडीवर चालणारी जोडणी ऑगस्टमध्ये रडू लागली, तर दोष संगणकाचाच असेल असे नाही.

थोडे गणित करू. २.४ गिगॅहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा बरीच कमी. ५ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यात ती पाच-सहा सेंटिमीटर होते. एका भिंतीने लहरीची निम्मी शक्ती खाल्ली असे धरले, तर तीन भिंती ओलांडून आठवा भाग उरतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई होते ते वेगळेच. लहान तरंगलांबीच्या लहरींना भिंती अधिक जाचतात, म्हणून ५ गिगॅहर्ट्झची जोडणी एका खोलीत वेगवान आणि तिसऱ्या खोलीत नाहीशी, असा अनुभव येतो. सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, आणि सळयांमधले अंतर साधारण या तरंगलांबीच्याच पल्ल्यातले असते. लहरींचा काही भाग तेथून मागे फिरतो. परत फिरलेली लहर आणि सरळ आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. संगणक वीतभर सरकवला आणि जोडणी सुधारली, ही अंधश्रद्धा नव्हे. बारावीच्या पुस्तकातला व्यतिकरणाचा धडा घरात घडत असतो.

आणि कूलर! खानदेशात उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर बसवलेला नाही असे घर विरळा. पत्रा या लहरी परतवतो. आतले ओले गवत आणि टाकीतले पाणी उरलेल्या शोषते. राउटर एका खोलीत, संगणक शेजारच्या खोलीत आणि मधल्या खिडकीत कूलर, अशी मांडणी आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली. धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे ठेवलेला राउटरही पाहिला, कारण तेथेच विजेचा बोर्ड होता. पत्रकाने एकच ओळ खर्च केली असती, की राउटर उंचावर, मोकळ्यावर, धातू आणि पाण्यापासून दूर ठेवा, तर किती तरी तक्रारी उद्भवल्याच नसत्या. काही पत्रकांत ही ओळ आहे, पण ती मागल्या बाजूला, बारीक टायपात, कायदेशीर सूचनांच्या गर्दीत.

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगॅहर्ट्झवर चालते, आणि ही ‘पाण्याच्या रेणूची नैसर्गिक वारंवारता’ आहे असे लोकप्रिय लेखांतून वारंवार छापले जाते. ते चूक आहे. सामान्य तापमानाला पाण्याचे शोषण सर्वाधिक होते ते २० गिगॅहर्ट्झच्या आसपास, २.४५ ला ते त्याहून बरेच कमी असते. ते कमी असते म्हणूनच लहर अन्नात काही अंतर आत शिरते, वरच्या थरातच संपत नाही. दोन्ही उपकरणे एका पट्ट्यात आली ती सरकारांनी तो पट्टा उद्योग व घरगुती वापरासाठी मोकळा सोडला म्हणून. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झमधील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ज्या देशात १९८० च्या दशकापर्यंत नुसता रेडिओ ऐकायला पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, तेथे घरोघर एक प्रक्षेपक विनापरवाना चालू आहे, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकांनीही सांगण्याजोगी आहे. प्रक्षेपक अर्थात लहानगा. भट्टीची शक्ती सात-आठशे वॅट, तर राउटरची साधारण एक दशांश वॅट. राउटरपाशी बसून डोके शिजते का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

नवा संगणक टेबलावरचा असेल तर आणखी एक घोटाळा होतो. पत्रकाने लॅपटॉप गृहीत धरलेला असतो. टेबलावरच्या अनेक संगणकांत बिनतारी रेडिओ मुळी नसतोच. तो यूएसबीच्या खाचेत वेगळा लावावा लागतो. ज्यांत असतो त्यांच्या अँटेनाच्या दोन काड्या कित्येकदा खोक्यात सुट्या येतात आणि खोक्यातच राहतात. त्या लावल्या तरी पेटीची पाठ भिंतीला, पेटी टेबलाखाली आणि पेटी पत्र्याची. अशा घरी आम्ही सरळ तार लावण्याचा सल्ला देतो. राउटर त्याच खोलीत असेल तर दोन मीटर तारेइतके भरवशाचे दुसरे काही नाही. पण बिनतारीचा अभिमान असा की राउटरशेजारी वीतभर अंतरावर ठेवलेला संगणकही लोक हवेतूनच जोडतात.

पत्रकातील शेवटची पायरी म्हणजे पडद्यावर ‘जोडले गेले’ हा शब्द दिसणे. हा शब्द फसवा आहे. यात दोन जोडण्या आहेत: संगणक ते राउटर ही एक आणि राउटर ते बाहेरचे जाळे ही दुसरी. पहिली झाली की संगणक ‘जोडले’ म्हणतो. दुसरी तुटलेली असेल तर खाली बारीक अक्षरांत ‘इंटरनेट नाही’ असे येते. वाड्याच्या फाटकातून आत शिरणे वेगळे आणि फाटकाबाहेरचा रस्ता चालू असणे वेगळे. हा भेद न कळल्यामुळे रस्ता खोदला गेलेला असताना माणसे तासन्‌तास फाटकाचे कुलूप बदलत बसतात. दोष कोणत्या बाजूचा हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. संगणकावर राउटरचे स्वतःचे पान उघडावे. ते उघडले तर पहिली जोडणी ठीक आहे आणि पुढचा प्रश्न सेवा देणाऱ्याचा आहे.

हे पान उघडण्यासाठी पत्रक एक आकडा टंकायला सांगते, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा आकडा कोठून आला? सगळ्या घरांत तोच कसा? पत्रक मौन पाळते. आमच्या मते शिक्षकाच्या दृष्टीने सबंध कागदावरील सर्वांत मोलाची जागा हीच आहे. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि एकेकाजवळ दोन-तीन यंत्रे. तेव्हा काही पत्ते घरातल्या घरात वापरण्यासाठी राखून ठेवले गेले. आज वापरात असलेला नियम फेब्रुवारी १९९६ चा आहे. अमळनेरच्या प्रत्येक गल्लीत ‘घर क्रमांक १’ असू शकते, गोंधळ होत नाही, कारण पोस्टमन आधी गल्ली पाहतो. तसेच हे. पत्त्यातील कोणताही आकडा २५५ च्या वर का जात नाही, हा प्रश्न आठवीच्या वर्गात टाकून पाहावा. द्विमान पद्धतीचे एवढे जिवंत उदाहरण घरात असताना आम्ही ते फळ्यावरच्या शून्य-एकांत शोधत बसतो.

आता सर्वांत गंभीर त्रुटीकडे वळू. राउटरला परवलीचे शब्द दोन असतात. एक जोडणीचा, जो पाहुणे आले की विचारतात. दुसरा राउटरच्या कारभाराचा, ज्याने वर सांगितलेले पान उघडते. पत्रक पहिला बदलायला सांगते. दुसऱ्याबद्दल आमच्यासमोरच्या बहुतेक पत्रकांत एकही वाक्य नाही. कारखान्यातून येतानाचा शब्द तोच राहतो, आणि पूर्वीच्या राउटरांत तर एका नमुन्याच्या सर्व यंत्रांना तो सरसकट एकच असे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने साठेक अशा कारखानी नाव-शब्दांच्या जोड्या जगभरच्या कॅमेऱ्यांवर, राउटरांवर लावून पाहिल्या आणि लाखो यंत्रे ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेच्या जोरावर ‘डिन’ या कंपनीवर मारा झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास अमेरिकेत उघडेनाशी झाली. ज्यांच्या घरचे यंत्र यात राबले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

जोडणीच्या शब्दाचे काय? आपल्याकडे घरटी रीत अशी की घरातल्या कर्त्याचा मोबाईल क्रमांक हाच शब्द ठेवायचा. दहा आकडी क्रमांक, पहिला आकडा सहा ते नऊ, म्हणजे शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण २००४ पासून चालत आलेल्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत जोडणीच्या क्षणीची देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते, आणि मग संगणकाला निवांतपणे एकेक शब्द लावून पाहता येतो. चांगल्या चित्र-कार्डाचा संगणक सेकंदाला चार लाख शब्द सहज तपासतो. ४०० कोटींना चार लाखांनी भागा: दहा हजार सेकंद, तीन तासांहूनही कमी. याउलट कोणताही अर्थ नसलेली, चिठ्ठ्या टाकून निवडलेली बारा इंग्रजी लहान अक्षरे घेतली, तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता संपायला साडेसात हजार वर्षे लागतात. घातांकाचे नियम शिकवताना हे उदाहरण द्यावे. मुले ते विसरत नाहीत आणि घरी जाऊन सांगतात.

याहून नामी उदाहरण डब्ल्यूपीएस या बटणाचे आहे. शब्द टंकण्याचा त्रास नको म्हणून ही सोय आली आणि पत्रके तिची तोंड भरून स्तुती करतात. बटण दाबण्याचा मार्ग तसा ठीक आहे. पण त्याच सोयीत आठ आकडी क्रमांकाचा दुसरा मार्गही होता. आठ आकड्यांच्या शक्यता दहा कोटी. त्यांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरणारा, म्हणजे उरल्या एक कोटी. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फिबॉक या अभ्यासकाने दाखवून दिले की राउटर हा क्रमांक दोन तुकड्यांत तपासतो, आणि पहिले चार आकडे चुकले की तसे लगेच कळवतो. मग गुणाकार उरलाच नाही. दहा हजार अधिक एक हजार, एकूण अकरा हजार प्रयत्न. एकेका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तरी सहा तासांत काम फत्ते. कुलूप तितकेच, किल्ली तितकीच लांब, फक्त तपासणाऱ्याने अर्ध्यावर हुंकार दिला आणि कोटीचे हजार झाले. पुढच्या राउटरांत चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबण्याची सोय आली, काहींनी क्रमांकाचा मार्गच बंद केला. तरी जुनी यंत्रे घरांत अजून आहेत. ती असतील तर कारभाराच्या पानावर जाऊन ही सोय बंद करणे उत्तम.

कोणी म्हणेल, शिक्षकाच्या घरात चोरण्यासारखे काय आहे? विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक भरण्याचे काम शाळेतल्या संगणकावर पुरे होत नाही, ते रात्री घरी होते, हे वाचक शिक्षकांना आम्ही सांगायला नको. ती माहिती पालकांनी आमच्यावर नव्हे, शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असते. आज बहुतेक संकेतस्थळांची देवाणघेवाण सांकेतिक लिपीत होत असल्याने राउटरवर शिरलेल्या माणसाला सगळे सरळ वाचता येत नाही, हेही सांगितले पाहिजे; भीती विकणे हा आमचा धंदा नाही. पण कारभार ज्याच्या हाती गेला तो नाव-पत्त्यांची वही बदलू शकतो आणि खऱ्या पानाऐवजी हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्याच पानावर नेऊ शकतो. तेथे परवलीचा शब्द माणूस आपल्या हाताने टंकतो.

भाषेविषयी थोडे. १९५२ साली अमळनेरला साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी होते. शब्द कोठून आला हे हुडकण्यात आयुष्य घालवलेल्या त्या विद्वानाला ‘वाय-फाय’ने चकवले असते. याचे विस्तारित रूप ‘वायरलेस फिडेलिटी’ असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बेधडक छापतात, परीक्षेत विचारतात आणि गुण देतात. वस्तुतः हे १९९९ मध्ये एका नामकरण करणाऱ्या व्यावसायिक संस्थेकडून घेतलेले, ‘हाय-फाय’शी यमक जुळवणारे व्यापारी नाव आहे. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे शब्द नंतर काही काळ घोषवाक्यात चिकटवले गेले, इतकेच. विस्तारित रूप पाठ झाले की वस्तू कळली, ही आपल्या शाळांची जुनी समजूत आहे.

दुसरा घोटाळा ‘५जी’चा. राउटरने दाखवलेल्या दोन नावांपैकी एकाच्या शेवटी ‘५जी’ असते. ते ५ गिगॅहर्ट्झचे ‘जी’. मोबाईलमधील ‘जी’ पिढीचा. दोहोंचा काही संबंध नाही. पण ‘सर, आमच्याकडे ५जी घेतले आहे’ असे अमळनेरमध्ये आम्ही कितीदा तरी ऐकले, आणि माडीवर तेच नाव निवडून जोडणी मिळत नाही ही तक्रारही. एका मराठी वाक्याने हे मिटले असते. ‘बिनतारी’ आणि ‘परवलीचा शब्द’ हे चांगले रुळलेले शब्द आपल्याकडे आहेत. राउटरला राउटरच म्हणावे. ‘मार्गनिर्धारक’ म्हणून कोणाचे भले होत नाही.

पाठ्यपुस्तकेही या टीकेतून सुटत नाहीत. २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दहावे प्रकरण माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचे, अकरावे प्रकाशाच्या परावर्तनाचे आणि बारावे ध्वनीच्या अभ्यासाचे, असे शेजारी शेजारी बसले. लहर परत फिरते, शोषली जाते, अंतराने क्षीण होते, हे पुढच्या दोन प्रकरणांत शिकलेला विद्यार्थी मागच्या प्रकरणातला संगणक कशाने जोडला जातो याचा विचार आपण होऊन करील, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. तो दुवा शिक्षकाने जोडायचा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये मिलिमीटरभर तरंगलांबीच्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, हा प्रसंग सांगून सुरुवात करता येईल.

प्रयोगाला राउटरही लागत नाही. एका मोबाईलचे हॉटस्पॉट चालू करावे, तो राउटर समजावा. दुसऱ्या मोबाईलवर संदेशाची शक्ती डेसिबलमध्ये दाखवणारे एखादे मोफत ॲप घ्यावे. ऋण ४० आणि ऋण ७० यांत तीस डेसिबलचा, म्हणजे हजार पटींचा फरक असतो, हे आधी सांगावे. पहिला मोबाईल प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा, आकडा नोंदवावा. मग डब्याभोवती पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडाव्यात, पुन्हा नोंदवावा. शेवटी तो स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावावे. पुष्कळदा मुलांच्या अपेक्षेएवढा आकडा घसरत नाही, आणि डबा पोकळ ठरला असे ती म्हणतात. अशा वेळी झाकणाची फट मोजायला सांगावी, आणि ती फट ओल्या फडक्याने व नंतर ॲल्युमिनियमच्या कागदाने बुजवून पुन्हा दोन नोंदी घ्यायला लावाव्यात.